मोळीची डावी बाजू

"आक्का, परत तुकडे पडले बघ."

मी कटिंगच्या टेबलावरूनच ओरडलो. चिमट्याच्या टोकाला हिरव्या रेडियमच्या चिकट कागदाची पात लोंबकळत होती. उसाची पात अख्खी निघायला हवी होती. निघाली ती चिंधी, मधूनच तिरकी कापलेली.

आक्का कॉम्प्युटरपासून हलली नाही. "ब्लेड बदल."

"सकाळीच बदललंय."

"मग दाब कमी कर. तू दाब फार ठेवतोस."

"दाबाचं काही नाही गं. फाईलमध्ये रेघ असेल तिथं मशीन कापणार. फाईलमध्येच रेघेवर रेघ राहिलीय कुठंतरी."

तेव्हा मात्र ती उठली. टेबलाशी आली, माझ्या हातातून चिमटा घेतला, चिंधी उजेडाकडे धरून बघितली आणि खाली टाकली.

"माझ्या फाईलमध्ये?" एवढंच म्हणाली.

दाराजवळच्या बाकावर आदगोंडा अण्णा बिरनाळे बसले होते. काम त्यांचंच होतं. जयसिंगपुरात त्यांचं गुळाचं दुकान पाडव्याला उघडणार होतं आणि दुकानाच्या काचेवर, खोक्यांवर, टेम्पोवर सगळीकडे एकच चिन्ह लागणार होतं : वाऱ्यानं एका अंगाला कललेली उसाची मोळी. ते चिन्ह आक्कानं काढलं होतं. पाती एकमेकींवरून गेलेल्या, काही पुढे, काही मागे, एकही पात दुसरीसारखी नाही. अण्णांनी पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं तेव्हा टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले होते, "त्रिशलाबाई, हे आमच्याच फडातलं दिसतंय की हो."

आता ते नुसते आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होते.

"याचं लक्ष नसतंय हो अण्णा," आक्का त्यांना म्हणाली. "इंजिनिअरिंग अर्धं सोडून आला. म्हटलं, निदान मशीन तरी नीट चालवील."

अण्णा कसनुसं हसले. मी रेडियमचा चुरा गोळा करून डब्यात टाकला आणि मागे तोंड धुवायला गेलो.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. कॉम्प्युटरवर चिन्ह काढताना प्रत्येक आकार म्हणजे एक बंद रेघ असते. एक पात दुसरीवर ठेवली की मागच्या पातीची रेघ पुढच्या पातीच्या रंगाखाली लपते. कागदावर छापायचं असेल तर ती लपलेली रेघ तशीच राहिली तरी कुणाला कळत नाही. पण रेडियम कापणारं मशीन रंग बघत नाही, ते फक्त रेघ बघतं. लपलेली रेघ सापडली की तिच्यावरूनही ब्लेड फिरवतं आणि पुढच्या पातीचे दोन तुकडे होतात. म्हणून कापायला पाठवण्याआधी सगळे रंग काढून नुसत्या रेघांचा सांगाडा बघायचा आणि जिथं जिथं रेघा एकमेकींत घुसल्या असतील तिथं मागचीचा लपलेला भाग छाटून टाकायचा. आम्ही त्याला ट्रिम मारणं म्हणायचो.

हे मला शिकवलं होतं आक्कानंच. कोल्हापूरला आर्टचा डिप्लोमा करून आलेली माझी मोठी बहीण. लग्नानंतर घराच्या पुढच्या खोलीत तिनं हे दुकान काढलं तेव्हा गावात रेडियमचं काम म्हणजे गाड्यांचे नंबर आणि 'आईचा आशीर्वाद', एवढंच होतं. "पुढची पात कुठली, मागची कुठली, हे आधी डोक्यात ठरव," ती मला सांगायची. "मग मागचीची जेवढी रेघ आत गेलीय तेवढीच काढ. केसभर जास्त काढलीस तर फट दिसणार, केसभर ठेवलीस तर ब्लेड अडकणार." मी केलेली फाईल ती इतकी मोठी करून बघायची, की एकेका पातीचं टोक स्क्रीनभर व्हायचं. तिनं केलेल्या फाईलमध्ये मला कधी काही सापडलं नव्हतं. मी तसं शोधायलाही गेलो नव्हतो.

तोंड धुऊन आलो तेव्हा अण्णा गेले होते. आक्का परत खुर्चीवर बसली होती.

"त्यांच्यासमोर कशाला बोललीस?" मी विचारलं.

"मग काय त्यांना सांगू, मला काम येत नाही म्हणून?"

"बघ तरी एकदा फाईल."

"बघितली. दोनदा बघितली. स्वच्छ आहे."

दुपारी मागच्या घरात जेवायला बसलो. दाजी त्या दिवशी घरी होते. सुकुमार दाजी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. कमी बोलणारा, सगळ्या गोष्टी तोलून बघणारा माणूस. कारखान्याचा हंगाम संपत आला होता, त्यामुळे त्यांना जरा उसंत होती आणि स्वयंपाकाची हौस ते अशा दिवसांत भागवून घ्यायचे. त्यांनी कारळ्याची चटणी केली होती, गाजर किसून कोशिंबीर केली होती. आक्काच्या ताटात दोन्ही जशीच्या तशी राहिली.

"आमची चटणी हल्ली बाईसाहेबांना चालत नाही," दाजी हसत म्हणाले.

"वाढलीच कुठं तुम्ही?" आक्का म्हणाली.

दाजींनी तिच्या ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं ती चेष्टा करतेय. ते पुन्हा हसले. मी खाली बघून जेवत राहिलो, माझा राग अजून उतरला नव्हता. ती उठून हात धुवायला गेली तेव्हा दाराच्या चौकटीला तिचा खांदा धडकला. "ही चौकट एकदा काढूनच टाकायला पाहिजे," असं पुटपुटत ती गेली. तिच्या स्कूटरचं एका बाजूचं पॅनेल त्या महिन्यात दोनदा घासलं गेलं होतं. दोन्ही वेळा तिनं रिक्षावाल्यांना शिव्या घातल्या होत्या आणि आम्हाला ते पटलंही होतं. स्टेशन रोडच्या रिक्षा तशाच होत्या.

दुपारनंतर मी तिच्या आधी दुकानात आलो. कॉम्प्युटर चालू होता. मोळीची फाईल उघडली, रंग काढून टाकले आणि सांगाडा बघितला.

उजव्या अंगाच्या पाती बघून मला शरमच वाटली, कारण असं काम मला अजूनही जमत नव्हतं. एकेक सांधा जिथल्या तिथं, मागची रेघ पुढचीला जिथं टेकते तिथंच संपलेली. मग मी डावीकडे आलो. तिथं एकही रेघ छाटलेली नव्हती. पातींत पाती घुसलेल्या, कांड्यांतून पाती आरपार गेलेल्या, नुसतं जाळं. कुणी काम मध्येच टाकून उठून जावं तसं. मोळीच्या मधोमध उभी रेघ मारावी आणि तिच्या अलीकडेपलीकडे दोन वेगळ्या माणसांनी काम करावं, असं ते दिसत होतं.

मला वाटलं, दमली असेल. अर्धं करून ठेवलं आणि विसरली. एवढंच वाटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, की चूक माझी नव्हती.

ती आली तेव्हा मी खुर्ची सोडली. "बस. बघ आता."

ती बसली. "काय बघू?"

"डावीकडच्या पाती. ट्रिम मारलेल्याच नाहीत."

तिनं स्क्रीनकडे बघितलं. माऊस फिरवला, मोठं केलं, लहान केलं. "मारल्यात की सगळ्या."

"ह्या?" मी स्क्रीनवर बोट टेकवलं.

तिनं माझ्या बोटाकडे बघितलं, मग परत उजवीकडे बघितलं. "हां, ह्या मारल्यात."

"त्या नव्हे आक्का. माझ्या बोटाखालच्या."

"तुझ्या बोटाखाली काय आहे?" तिनं विचारलं. भांडणाच्या आवाजात नाही. पत्ता विचारावा तसं.

मला वाटलं, हट्टाला पेटलीय. आक्काचा हट्ट आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत होता. "बरं. मग रेडियम का फाटतंय, ते तरी सांग."

"कुठली बाजू फाटतेय?"

"डावी. दर वेळी डावीच."

"झालं तर मग," ती एकदम मोकळी झाली. "दर वेळी एकच बाजू फाटते म्हणजे मशीनचा त्या बाजूचा रोलर झिजलाय. मी सकाळपासून तेच सांगतेय, मशीन बघ म्हणून."

यात तथ्य नव्हतं असं नाही. रोलर झिजला तर कागद एका बाजूला सरकतो. पण मी सांगाडा डोळ्यांनी बघितला होता. म्हटलं, हिला आता पुरावाच देऊ. "असं करू. मोळी उलटी करू. आरशात दिसते तशी. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. मग कापू. मशीन खराब असेल तर परत डावीकडंच फाटेल. फाईल खराब असेल तर उजवीकडं फाटेल. ठीक?"

"कर. रेडियम वाया गेलं तर तुझ्या नावावर."

मी तिच्या खांद्यावरून हात नेऊन माऊस घेतला आणि उलटं करायचं बटण दाबलं. मोळी आता दुसऱ्या अंगाला कलली. मी मशीनकडे जायला वळलो.

"थांब," आक्का म्हणाली.

मी थांबलो.

"हे काय आहे?" तिचा आवाज चढला होता. "ह्या रेघा कुणी ठेवल्या? भरतेश, इकडं ये. हे बघ. ही पात हिच्यात घुसलीय. ही कांड्यातून गेलीय. अरे, हे काय केलंस तू माझ्या फाईलचं?"

ती उजवीकडच्या एकेका पातीवर बाण नेऊन दाखवत होती. एकही चूक तिच्या नजरेतून सुटत नव्हती. मला लहानपणी रांगोळीतली चूक ती अशीच दाखवायची.

"मी काही केलं नाही," मी म्हणालो.

"मग काय भुतानं केलं?"

मी परत हात नेला आणि मोळी पुन्हा सुलटी केली. "आता?"

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. "आता ठीक आहे."

"आक्का, तीच फाईल आहे. मी फक्त फिरवली."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणं लांब जाईपर्यंत ती तशीच बसली होती.

"परत फिरव," ती म्हणाली.

मी फिरवली. तिनं उजवीकडच्या घुसलेल्या रेघा बघितल्या.

"परत."

फिरवली.

"परत."

मग तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतः बटण दाबत राहिली. मोळी इकडे कलायची, तिकडे कलायची. शेवटी तिनं मोळी सुलटी ठेवली, उजव्या हातानं स्वतःची हनुवटी धरली आणि चेहरा जोर लावून डावीकडे वळवला, जड दार ढकलावं तसा. वळवता वळवता एका ठिकाणी ती थबकली. तिला दिसलं असावं. तिच्या तोंडातून एक लहानसा आवाज आला.

"भरतेश," ती म्हणाली, "दाजींना हाक मार."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिरजेला गेलो. स्कॅन झालं. मेंदूची डॉक्टर आक्कापेक्षा लहान असावी, केस मागे घट्ट बांधलेली, समोरच्या माणसाकडे बघून बोलणारी. तिनं एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारली आणि पेन आक्काच्या हातात दिलं. "हिचा मध्य दाखवा."

आक्काला मध्य काढायला पट्टी लागत नसे. दुकानाच्या पाटीवर अक्षरं बसवताना ती लांबून नुसती बघायची आणि खूण करायची. मी नंतर मापून बघायचो आणि दर वेळी बरोबर निघायचं. तिनं पेन टेकवलं, खूण केली आणि मोठ्या विश्वासानं कागद परत दिला. खूण रेघेच्या उजव्या टोकाजवळ होती.

दाजी उठले आणि कोपऱ्यातल्या पिंपातून पाणी प्यायला गेले. प्याले नाहीत, नुसते पेला धरून उभे राहिले.

"डोळ्यांना काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाली. "डोळे सगळं बघतायत. पण मेंदूच्या उजव्या भागात गाठ आहे. त्या भागाचं काम असतं डावीकडच्या जगाची दखल घेणं. ते बंद पडत चाललंय. डावीकडं काही आहे, हेच तुमच्या मेंदूला सुचत नाही."

"म्हणजे मी आंधळी नाही," आक्का म्हणाली.

"नाही."

"आंधळी असते तर बरं. मला कळलं तरी असतं."

डॉक्टरनं रेघेचा कागद फाईलमध्ये ठेवला. ऑपरेशन लवकर करायला हवं, असं ती म्हणाली. गाठ जेवढी निघेल तेवढी काढायची, मग किरणं द्यायची. पुढचं तिनं आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं. आत आलो तेव्हा आक्का स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघत होती.

"एवढं तोंड पाडू नका," ती दाजींना म्हणाली. "यातली कडा तरी कुठं स्वच्छ आहे? मुळं गेलीत सगळीकडं. कापणार तरी कुठून?"

परतताना जयसिंगपूर जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "अण्णांचं काम राहिलंय."

"मी करतो ते," मी म्हणालो.

"तू नाही करायचं. मी करणार."

"त्रिशला, राहू दे गं," दाजी म्हणाले.

"पाडव्याला त्यांचं दुकान उघडणार आहे. लोक काचेकडं बघतील तेव्हा फाटकी मोळी बघतील का?" मग थोडं थांबून म्हणाली, "त्या दिवशी मी अण्णांच्या समोर याला बोलले. ते मला भरून काढायचंय."

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला बसलो. ती खुर्चीवर, मी तिच्या उजव्या बाजूला स्टुलावर. आधी मोळी उलटी केली. न छाटलेल्या पाती आता तिच्या उजवीकडे आल्या होत्या. तिनं माऊस हातात घेतला आणि मग तिला आमची कुणाचीच गरज उरली नाही. पुढची पात निवडायची, मागची निवडायची, ट्रिम. लपलेला भाग नाहीसा व्हायचा. मग मोठं करून सांधा बघायचा. कुठं केसभर रेघ उरली तर नखाच्या टोकानं काटा काढावा तशी ती टिपून काढायची. बोलत होती मात्र सारखी. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मास्तरांनी तिचं चित्र फाडलं होतं, ते सांगितलं. आईला पहिला पगार दिला तेव्हा आईनं तो देवासमोर ठेवून परत तिच्याच हातात दिला, तेही सांगितलं. मध्येच म्हणायची, "फिरव." मी फिरवायचो. "आता इकडचं काही दिसतंय का तुला, मला न दिसणारं?" मी सांगायचो. "फिरव मग."

अडचण आली ती मधल्या पातीची. मोळीच्या अगदी मधून एक लांब पात वर जाऊन दोन्हीकडे वाकत होती. सुलटी ठेवली तरी तिचं अर्धं अंग डावीकडे, उलटी केली तरी डावीकडे. आक्कानं तिच्यावर बराच वेळ घालवला. एकदा तर निम्मी पात छाटून टाकली आणि झालं म्हणून मागे रेलली. मी ते पूर्ववत केलं.

तिनं माऊस सोडला. हात मांडीवर ठेवले. तिच्या हातातून फाईल सुटलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

"ही तू कर," ती म्हणाली.

मी खुर्चीवर बसलो, ती स्टुलावर. "पुढची कुठली, मागची कुठली, आधी ठरव," ती म्हणाली. मी ठरवलं. छाटलं. मोठं करून बघितलं. ती पुढे वाकून माझ्या खांद्याशी आली आणि तिच्या बाजूला जे दिसत होतं ते सगळं तिनं तपासलं.

"तिकडंही असंच आहे?" तिनं विचारलं.

"असंच आहे."

"मग पाठव."

मशीन चालू झालं. रेडियम पुढे गेलं, मागे आलं. मी कडेचा भाग सोलायला घेतला आणि कागदावर सगळी मोळी उभी राहिली, एकही पात न तुटता. आक्कानं तिच्यावरून हात फिरवला. उजव्या टोकापासून सुरुवात करून जिथं तिचा हात थांबला तिथून पुढे मी तिचं मनगट धरून नेलं, शेवटच्या पातीच्या टोकापर्यंत.

"जमलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मशीन नीट चालवतोस तू."

पाडव्याला अण्णांचं दुकान उघडलं तेव्हा ती ऑपरेशन होऊन मिरजेलाच होती. अण्णा स्वतः पेढे घेऊन दवाखान्यात आले. काचेचा फोटो दाखवला. तिनं अर्धा बघितला आणि छान म्हणाली. अण्णा बाहेर येऊन जिन्यात बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला त्यांच्याजवळ बसावं लागलं.

गाठ निघाली तेवढी निघाली. किरणं झाली. पावसाळ्यात आक्का घरी होती, थोडं चालत होती, खिडकीशी बसून रस्ता बघायची. दिवाळीनंतर अंथरुणाला खिळली. डावं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर त्या अंगाची ओळखही गेली. एकदा दाजी तिला पुसत होते तेव्हा तिनं विचारलं, "हा हात कुणाचा आहे हो अंथरुणात?" दाजी म्हणाले, तुझाच आहे. ती वैतागली. "माझा नाही. कुणाचा तरी राहिलाय इथं. त्याला देऊन टाका. शोधत असेल." दाजी बरं म्हणाले आणि तो हात पुसून चादरीखाली ठेवला.

आम्ही तिची कॉट भिंतीपासून ओढून मध्ये घेतली होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाजी दारातच सांगायचे, "त्या बाजूनं जा, उजवीकडून." उजवीकडून येणारा माणूसच तिच्यासाठी आलेला असायचा. डावीकडे कुणी बसलं, बोललं, तर ती आवाज उजवीकडच्या माणसाचा समजायची आणि त्यालाच उत्तर द्यायची. आई डावीकडे बसून रडली तर आक्का दाजींना म्हणायची, "तुम्ही का रडताय?"

पौष महिन्यात ती फारसं बोलेनाशी झाली. दाजी उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे. तिचा उजवा हात त्यांच्या हातात असायचा. त्यांनी तो सोडला की ती घाबरायची, बोटांनी चादर चाचपायची, म्हणून ते उठायचंच टाळत. मी दुकान सांभाळून दुपारी जायचो आणि डावीकडे बसून त्या बाजूच्या हातापायाला तेल लावायचो. डॉक्टरनं तसं सांगितलं होतं, नाहीतर सांधे आखडतात.

अशाच एका दुपारी मी तेल लावत होतो. तिचं कोपर माझ्या मांडीवर होतं. मी बराच वेळ तिथं होतो, दाजींशी दोन-चार शब्द बोललोही होतो.

आक्कानं डोळे उघडले. दाजींकडे बघितलं.

"भरतेश आला नाही का हो आज?"

दाजींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. ते उठायला लागले, मला जागा द्यायला. त्यांचा हात सुटतोय हे कळताच तिची बोटं चादरीवर हलायला लागली. मी मानेनंच नको म्हणालो. बसा, असा हात केला.

ते बसले. तिचा हात परत धरला.

"येतोय," ते म्हणाले. "वाटेत आहे."

"जेवून ये म्हणावं त्याला," आक्का म्हणाली. शब्द जड येत होते, पण स्पष्ट होते. "दुकानातून तसाच येतो. उपाशी."

"सांगतो."

"आठवणीनं सांगा."

"सांगतो गं."

तिनं डोळे मिटले. तिचा श्वास लागला, मग संथ झाला. मी तिच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ केली, तेल चोळलं, परत मिटू दिली.

दाजींनी तिच्या अंगावरून माझ्याकडे बघितलं.

"जेवलास का रे?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.